मामांचा वाकून नमस्कार

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी इंदूरच्या एका दवाखान्यात ऐंशी हजार रुपये भरले, तेव्हा काउंटरपाशी आम्ही तिघं होतो: मी, माझी बायको आणि ज्यांच्या मानेसाठी ते भरले ते माझे मामेसासरे. पैसे मामांचेच होते. मोजायला त्यांनी मला देवासहून सोबत नेलं होतं.

मामांइतका नमस्कार करणारा माणूस देवास ते धार या पट्ट्यात दुसरा झाला नाही. शाळेत गणित शिकवत तेव्हा वर्गात शिरताना ते आधी फळ्याला नमस्कार करीत. बसमध्ये चढले की ड्रायव्हरला, कारण पुढचा तासभर जीव त्याच्या हाती. हाटपिपल्याला नृसिंहाच्या दर्शनाला गेले की एक देवाला, एक पुजाऱ्याला आणि रांगेत ज्याला आपला धक्का लागला त्यालाही एक. आणि हे सगळे कमरेत वाकून, डोकं पार खाली नेऊन. नुसते हात जोडणं त्यांना लबाडी वाटे.

दोन वर्षांपूर्वी चक्कर सुरू झाली. मान खाली गेली की घर फिरे. कान तपासले, रक्तदाब तपासला. शेवटी मानेच्या मणक्यांमधली गादी सरकल्याचं निघालं. मामा मान ताठ धरून चालू लागले. मागून हाक मारली तर ट्रक वळावा तसे अख्खे वळत. "मास्साब, चुनाव लड़ रहे हो क्या?" असं पानवाल्यानं विचारलंसुद्धा. डॉक्टरांनी दिलेला मानेचा पट्टा मात्र त्यांनी घातला नाही, कारण ती बातमी धारला गेली असती.

धारला त्यांचे थोरले बंधू, अण्णा. वय शहाऐंशी, मामा एकाहत्तर. दर दसऱ्याला मामा तिथे जाऊन सोन्याची पानं देत, पायांवर डोकं ठेवत, आणि अण्णा लहान मुलाला द्यावेत तसे अकरा रुपये त्यांच्या हातावर ठेवत. मागचे दोन दसरे मामांनी सोनं उभ्यानंच दिलं. अण्णांनी अकरा रुपये दिले नाहीत, आणि दर रविवारचा त्यांचा फोनही बंद झाला.

चक्कर येते असं सांगून टाका, मी म्हटलं.

"सांगितलं तर माफ करतील, जावईबापू. माफ केलेला नमस्कार मला नको."

म्हणून मानेतल्या गादीवर लेझरचं ऑपरेशन. डॉक्टरांनी समजावलं: सुईएवढं छिद्र, तेवढ्याच जागेपुरती भूल, संध्याकाळी घरी. चक्कर जाईलच असा शब्द काही त्यांनी दिला नाही. मामांनी एकच विचारलं, "दशहरे तक झुक सकूँगा?" धीरे धीरे, असं उत्तर मिळताच ते डॉक्टरांपुढेच वाकू लागले. आम्ही दोघांनी दोन दंड धरले.

दसऱ्याला धारला मी मामांच्या मागे दोन्ही हात पुढे करून उभा होतो. मामा हळूहळू वाकले. खाटेवर बसलेल्या अण्णांच्या पायांवर डोकं टेकलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. घर फिरत होतं की नाही, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. अण्णांनी पाठीवर हात ठेवला. मग उशीखालून एक पाकीट काढलं.

"दोन वर्षांचे बाजूला ठेवले होते," ते म्हणाले.

यंदाचे धरून तेहतीस रुपये त्यांनी मोजून मामांच्या हातावर ठेवले. परतीच्या बसमध्ये चढताना मामांनी ड्रायव्हरला नमस्कार केला नाही. एक मूठ मिटलेली होती, आणि ती देवासपर्यंत उघडली नाही.