तिकटीवरचं मीठ

"मीठ विरघळलं की गेलं बघ, जे काय आलतं ते," राजाबाई म्हणायच्या, आणि कोगनोळीतल्या आया पोराला काखेला मारून निश्चिंत घरी जायच्या.

दृष्ट काढायची त्यांची रीत ठरलेली. खडेमीठ पोरावरून उतरायचं, पितळी वाटीतल्या पाण्यात सोडायचं, शेवटचा खडा दिसेनासा झाला की ते पाणी तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, ओतायचं आणि मागं न बघता परतायचं. उभा जन्म त्यांनी हेच केलं.

नात तेजस्वीचा ताप असाच उतरवला. पण हायवेच्या कामात तिकटी खणून ठेवलेली, त्यात राजाबाईंचे गुडघे धरलेले. उद्या ओतू म्हणून वाटी कोनाड्यात ठेवली. ताप गेला, वाटी विसरली.

उन्हाळा सरता सरता ताप पुन्हा आला. झाडलोट करताना सून माधवीच्या हाताला वाटी लागली.

"आत्या, बघा की, काय देखणे खडे झाल्यात!"

पाणी नव्हतंच. तळाशी चौकोनी खडे होते, काचेसारखे, टाकले होते त्याहून मोठे. प्रत्येकाच्या पोटात बारीक पायऱ्या. कुणीतरी चढून वर आल्यासारख्या.

"विरघळलं हुतं गं. माझ्या डोळ्यांनी बघिटलंय."

"पाणी उडालं, मीठ राह्यलं. ते कुठं जातंय? तुमच्यागत, घर सोडत न्हाई," माधवी हसली. "गोळी दिलीया, उतरंल ताप."

राजाबाई हसल्या नाहीत. उन्हाळ्यात तिकटीची माती पांढरी पडायची, शेळ्या येऊन चाटायच्या, ते त्यांना आठवलं. गावातल्या सगळ्या पोरांवरून उतरलेलं ते पाण्यात नुसतं लपलं होतं. वाळलं की आपापल्या कोपऱ्यांनिशी परत उभं.

त्यांनी वाटीत पाणी घातलं. आधी कोपरे झिजले, मग पायऱ्या गेल्या, मग काहीच उरलं नाही. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. तिथंच होतं.

आत तेजस्वी कण्हली.

"मोरीत ओता ते, आत्या."

मोरीतही वाळणार. जिथं ओतू तिथं वाळणार, आणि वाट काढत पोरीकडंच येणार. राजाबाईंनी वाटी तोंडाला लावली आणि थेंबही ठेवला नाही.

"अगं बाई! काय केलासा हे?"

नातीच्या कपाळाकडं गेलेला हात त्यांनी न शिवताच मागं घेतला; आता ते त्यांच्याच अंगात होतं. ओठांच्या कडांना पांढरं वाळू लागलं होतं. वाटी पालथी घालून, पदर आवळून त्या उंबऱ्याबाहेर पडल्या. मागं बघितलं नाही.