बांधावरची जागा

बिस्किट गेल्यानंतर दहा दिवस त्याच्या अस्थी माझ्या स्कूटरच्या डिकीत होत्या. हे लिहितानाही मला संकोच वाटतो, कारण वाचणाऱ्याला यात हसू येईल किंवा अनादर दिसेल. पण त्या दिवसांत दुसरी जागा मला सापडत नव्हती.

बिस्किट म्हणजे आमचा कुत्रा. मी नववीत असताना नाशिकरोडच्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी तो मला भेटला आणि तेरा वर्षांनी, कार्तिक संपता संपता, किडन्या निकामी होऊन गेला. महापालिकेची गाडी येऊन घेऊन जाईल, असं शेजारच्यांनी सांगितलं. मला ते सहन होईना. पप्पांनी सोसायटीच्या बागेत कोपरा मागितला. सेक्रेटरी काका चांगले आहेत, त्यांनी चहासुद्धा पाजला, पण आज तुमचा, उद्या दुसऱ्याचा, पायंडा पडतो, असं म्हणून नाही म्हणाले. शेवटी डॉक्टरांनी शहराबाहेरचं एक ठिकाण सांगितलं. तिथे जनावरांचं वेगळं दहन करतात. संध्याकाळी मी पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक लहान मडकं घेऊन घरी आले, तर आई दारातच उभी होती.

आई रडत होती, पण दारातून बाजूला झाली नाही. अस्थी घरात आणत नाहीत, एवढंच म्हणाली. माणसांच्या अस्थी लोक बाहेर झाडाला टांगून ठेवतात, हे मला माहीत होतं. पण सोसायटीच्या बदामाला मडकं टांगलं असतं तर दुसऱ्या दिवशी मीटिंगच भरली असती. मी खाली गेले, डिकीतला रेनकोट काढला आणि मडकं त्याच्या जागी नीट बसवलं. रोज त्याला घेऊन मी ऑफिसला जाऊ लागले. खड्डा आला की वेग कमी करायचे. कोणाला सांगितलं नाही. मला तशीही स्वतःबद्दल फार सांगायची सवय नाही.

घरात आईने देवाजवळ दिवा लावणं थांबवलं होतं. मी कारण विचारलं नाही. मग आत्याचा फोन आला, चंपाषष्ठीला तळी भरायला येणार ना म्हणून. खंडोबा आमचं कुलदैवत. आई सहज बोलून गेली, आम्हाला सुतक आहे. पलीकडून आत्याने घाबरून विचारलं असणार, कोण गेलं, कारण आई म्हणाली, “घरातलंच.” पप्पांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते हसत होते की रडत होते, कळलं नाही. दोन्ही असावं.

पण अस्थी अशा किती दिवस ठेवायच्या? त्याला कुठेतरी मानाने ठेवावं, चोरून नाही, हेच मला हवं होतं. कोणी विचारलं तर सांगता यावं, अशी जागा. आठव्या दिवशी सकाळी मी धीर करून रामकुंडावर गेले. काठावर तीन-चार कुटुंबं बसली होती, डोकी भादरलेले मुलगे, पदर तोंडाशी धरलेल्या बायका. एका गुरुजींनी माझ्या हातातलं मडकं पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, कोणाच्या अस्थी, बाळ?

मला खरं सांगता आलं नाही. त्या सगळ्यांच्या दुःखाजवळ कुत्रा हा शब्द उच्चारणं मला अपमानासारखं वाटलं. “भावाच्या,” मी म्हणाले. घरात आई त्याला तुझा भाऊ म्हणायची, म्हणून असेल. गुरुजींनी वय विचारलं. मी तेरा सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. शेजारी बसलेली एक बाई उठली आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या दुसऱ्या हातात कोणाच्या तरी अस्थींची पिशवी होती. गुरुजी म्हणाले, एकटी कशी आलीस, वडिलांना घेऊन ये, मी थांबतो. मी मान हलवली आणि जवळजवळ पळतच स्कूटरपाशी आले. हेल्मेटच्या आत मला इतकी लाज वाटत होती की सिग्नल सुटल्याचं कळलं नाही. ज्या बाईला स्वतःच्या दुःखातून उठून माझ्याकडे यावं लागलं, तिला मी फसवलं होतं. आणि बिस्किटलाही. त्याचं नाव तर मी घेतलंच नव्हतं.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी आईने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, आज दहावा झाला, सुतक फिटलं. दुसऱ्या दिवशी तिने पहाटेच उठून वांगी भाजली, बाजरीचे रोडगे केले, देवाला नैवेद्य दाखवला. खंडोबाच्या नैवेद्यातला एक वाटा कुत्र्याला देतात. दरवर्षी तो बिस्किटचा असायचा. आईने सवयीने तोही वाढला आणि मग ताटलीकडे बघत उभी राहिली. मी डबा आणला, त्यात तो वाटा भरला आणि देवळाली कॅम्पच्या खंडोबाच्या टेकडीवर जाऊन येते म्हणाले. तिथे कुत्री असतात.

कुत्री होती, पण सकाळपासून प्रत्येकाने त्यांना रोडगे खाऊ घातले होते. ती उन्हात आडवी पडली होती आणि माझा डबा हुंगून पुन्हा मान टाकत होती. भंडाऱ्याने पायऱ्या पिवळ्या झाल्या होत्या. वर ‘येळकोट येळकोट’ चाललं होतं. मी दर्शन घेतलं, पण काही मागायला सुचलं नाही. खूप गर्दी होती आणि मला गर्दीत शब्द फुटत नाहीत, देवापुढेही नाही. नुसती उभी राहिले आणि मनात म्हणाले, मला कळत नाहीये, तुम्हीच बघा.

खाली आले तर पायथ्याशी भंडारा-खोबरं विकणाऱ्या एका मावशींनी हाक मारली. साठीच्या असतील, नऊवारी, कपाळभर हळद.

“कधीची डबा घेऊन फिरती तू. त्या कुत्र्यांची पोटं फुटायला आली आता. घरी नाय का कुत्रा?”

“होता,” मी म्हणाले.

एवढंच. त्या हसल्या नाहीत. बसायला पोत्याचा कोपरा मोकळा केला. आणि मी, जिने ऑफिसात दहा दिवस कोणाला काही सांगितलं नव्हतं, त्यांना सगळं सांगितलं. बाग, मडकं, डिकी, रामकुंड, मी बोललेलं खोटं. त्या भंडाऱ्याच्या पुड्या बांधत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्यात राखणीचा कुत्रा बांधावर ठेवत्यात. आमचे तीन हायेत तिथं. त्याला चालंल का आमच्या कुत्र्यांच्या पंगतीत?”

त्याला चालेल का, असं त्यांनी विचारलं. मला चालेल का, असं नाही.

दुपारी त्यांनी टोपली शेजारणीकडे सोपवली. खरं तर त्या कधी टेकडीपाशी विकायला बसत नाहीत, दरवर्षी सून बसते, तिला ताप आला म्हणून यंदा त्या आल्या होत्या. हे त्यांनी स्कूटरवर बसता बसता सांगितलं. बसल्या आणि विचारलं, मडकं कुठं ठेवलंय म्हणाली होतीस? मी सीटखाली म्हणताच त्या टुणकन खाली उतरल्या. “आधी सांगायचं नाय का, येडे? त्याच्यावर बसू का मी?” मग त्यांनी सीटला हात लावून नमस्कार केला, चुकलं माकलं माफ कर रं बाबा म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. दहा दिवसांत मी पहिल्यांदा मोठ्याने हसले.

त्यांचं शेत दारणेच्या बाजूला आहे. एका अंगाला कांदा, दुसऱ्या अंगाला गहू, मध्ये बांध आणि बांधावर बोरीचं झाड. झाडाखाली तीन दगड मांडले होते. त्या दिवशी सकाळीच कोणीतरी त्यांना भंडारा लावला होता. मावशींनी प्रत्येकाचं नाव सांगितलं, एकाने साप कसा अडवला होता तेही. खुरप्याने त्यांनीच खड्डा केला. मी मडक्याचं फडकं सोडायला घेतलं, पण गाठ सुटेना. खरं सांगायचं तर ती सुटावी असं मला वाटतही नव्हतं. मावशींनी दोन्ही हात पुढे केले.

“दे माझ्याकडं. नाव काय त्याचं?”

“बिस्किट.”

“बिस्कुट,” त्या आपल्या पद्धतीने म्हणाल्या, आणि मी मडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी गाठ सोडली. माती लोटताना त्या त्याला सांगत होत्या की रानात डुकरं येतात, नीट लक्ष ठेव, आणि हे तिघं दादागिरी करतील, घाबरू नको. त्यांनी चौथा दगड मांडला. डब्यातला रोडगा आम्ही चौघांपुढे थोडा थोडा ठेवला.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, त्याला सोसायटीत कधीच धड पळता आलं नाही. मग तिने आत्याला फोन लावला आणि बिस्किट गेल्याचं सरळ सांगितलं.

याला देवाचा अनुभव म्हणावं का, हे मला ठरवता येत नाही. सुनेला ताप येणं ही साधी गोष्ट आहे, बांधावर कुत्रा पुरणंही त्या भागात साधीच गोष्ट असेल. मी कशाचा दाखला म्हणून हे लिहीत नाही. मला फक्त इतकं माहीत आहे की टेकडीवर मी काही मागितलं नव्हतं, नुसतं मला कळत नाहीये म्हटलं होतं, आणि त्याच दुपारी कोणीतरी माझ्याकडे हात पुढे केले. शरण जाणं ही मोठ्या भक्तांची गोष्ट असते, त्यासाठी मोठं मन लागतं, असं मला वाटायचं. त्या दिवशी माझं मन मोठं झालं नव्हतं. माझ्याने गाठ सुटत नव्हती, म्हणून मी मडकं दुसऱ्याच्या हातात दिलं, इतकंच. देवाला तेवढंही पुरत असावं. मला तर पुरलं.