दीड हाताचं लाकूड आणि आठ टनांचं यंत्र

आमच्या घरात कॉलेज पास झालेलं पहिलं माणूस मी. हे मी मुद्दाम सांगते, लाजत नाही. बी.एस्सी., तीही फिजिक्स घेऊन, जांबोटीकडच्या आडगावातून दिवसाच्या दोन बस आणि उरलेलं पायी करून. पण डिग्रीचा तोटा असा, की वायर, बटण किंवा इंग्रजी अक्षर असलेली कुठलीही वस्तू घरात आली की ती माझ्या अंगावर येते. मिक्सर मी. गॅसचा रेग्युलेटर मी. वडिलांच्या मोबाईलमधली आपोआप वाजणारी गाणी बंद करणारी मीच. त्यामुळे लाकूड फोडायचं यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा ते निवडणार कोण, हा प्रश्नच नव्हता.

प्रश्न आप्पांच्या खांद्याचा होता. आप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं कुऱ्हाड मारून उजवा खांदा पार धरला होता. बेळगावच्या डॉक्टरांनी फोटो काढून स्वच्छ सांगितलं, की आणखी एक हंगाम लाकूड फोडलंत तर हात वर जायचा कायमचा बंद होईल, मग माझ्याकडे येऊ नका. घरी येऊन आप्पा म्हणाले, "डॉक्टरच्या घरात पाणी बटनावर तापतंय. त्येला काय म्हाईत?"

आमच्याकडे चार महिने पाऊस उसंत देत नाही. तो सुरू व्हायच्या आत बांधावरची पडलेली झाडं तोडून, फोडून, पडवीत रचून ठेवावी लागतात. चहा गॅसवर होतो, पण आंघोळीचं पाणी चुलवणावर. म्हणजे मातीची मोठी चूल आणि तिच्यात कायमचा बसवलेला तांब्याचा हंडा. गॅसवरचं पाणी अंगाला लागत नाही असं आप्पांचं मत आहे आणि या मताला विरोध करणारं आमच्या घरात अजून कुणी जन्मलेलं नाही. एकदा गडी लावून फोडून घ्यायचं बघितलं. त्या गड्याला शिकवायला म्हणून आप्पांनी अर्धं लाकूड स्वतःच फोडलं.

शेवटी तह झाला. "मी काढून दिल्याला ओंडका यंत्रानं फोडला, तर कुऱ्हाड खाली ठिवतो," आप्पा म्हणाले. "न्हाय फोडला, तर पुन्ना माझ्या खांद्याचं नाव काढायचं न्हाय."

मी अभ्यासाला लागले. व्हिडिओ बघितले, वही केली. आमच्याकडे थ्री फेज वीज म्हणजे पाहुण्यासारखी, येते आणि जाते, म्हणून सिंगल फेजवर चालणारं हवं. आत तेलाचा दाब, त्यानं पुढं सरकणारा दांडा, पुढं पातं. हे सगळं मला बारावीपासून तोंडपाठ.

"आप्पा, घरकामाला आठ टन बास हाय," मी जाहीर केलं.

"आठ टन लाकूड कुठलं आपल्याकडं? दोन गाड्या हुईल."

"लाकडाचं न्हाय. जोर! आठ टन जोर."

"म्हंजी बैल किती?"

हे फिजिक्समध्ये शिकवलेलं नव्हतं. आई तांदूळ निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "लांबीला किती घेतंय गं त्ये?"

"आई, लांबीचं काय घेऊन बसलीस? टनाचं बोल."

आईनं तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

बेळगावजवळच्या मच्छे गावात मी नोकरीला आहे. तिथंच एका वर्कशॉपमध्ये अशी यंत्रं बनवतात. एका शनिवारी मी सुट्टी टाकली आणि आप्पांना घेऊन रोजच्या बसला उभी राहिले. आप्पांच्या डाव्या काखेत पोत्यात गुंडाळलेला ओंडका. फणसाचा, एका टोकाला नारळाएवढी गाठ. सगळ्या ढिगातनं शोधून काढलेला. बसमध्ये माझ्या रोजच्या ओळखीची सगळी मंडळी.

कंडक्टरनं आधी कानडीत विचारलं, मग मराठीत. "अज्जा, ह्येचं तिकीट?"

"बाळ हाय," आप्पा म्हणाले. "पाच वर्साच्या आतलं."

"पाच वर्साच्या आत एवढी गाठ?"

सगळी बस हसली. मी खिडकीबाहेर अशी बघत बसले, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरची.

वर्कशॉपचे मालक बोलके निघाले. मी त्यांना टन, फेज, तेलाचा दाब असं धडाधड विचारलं. ते मला मॅडम म्हणू लागले आणि मला बरं वाटलं. मी आधीच ठरवून ठेवलेलं आडवं यंत्र त्यांनी दाखवलं. आप्पांनी पोतं सोडलं, ओंडका त्यावर ठेवला. ओंडका वीतभर बाहेर राहिला.

"ह्यात वीस इंच बसतंय, मॅडम. तुमचं लाकूड किती इंच?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात लाकडाला इंच नसतात. आप्पा कोपरापासून बोटापर्यंत हात ठेवतात, पुढं आणखी अर्धा ठेवतात आणि करवत लावतात. दीड हात. माझ्या वहीत सगळं होतं, एवढंच नव्हतं.

मी बाजूला जाऊन घरी फोन लावला. "आई, चुलवणाला जरा आखूड लाकूड चालंल का?"

"आखूड घातलं तर दर घडीला वाकून सारायचं कुणी? तुझ्या डिग्रीनं?"

खरंच होतं ते. आमच्या चुलवणाचं लाकूड निम्मं आत जळतं, निम्मं बाहेर असतं. आंघोळीला जाताना प्रत्येकानं पायानं एक ढकल द्यायची, हा घरचा नियम. म्हणून धुरात कुणाला बसावं लागत नाही. नियम मी रोज पाळते, फक्त मोजला कधी नव्हता.

"उभं मशीन बघा की मग," मालक म्हणाले. "लांब लाकूड चालतंय. खाली पाटावर उभं करायचं, वरनं पातं येतंय. उचलायचं काम न्हाय."

उचलायचं काम नाही, हे ऐकून मी आप्पांच्या खांद्याकडं बघितलं. हेही वहीत नव्हतं.

कामगारानं ओंडका गाठ वर करून उभा केला. पातं खाली आलं, गाठीत बोटभर शिरलं आणि यंत्र घुंऽऽ करत जागच्या जागी थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आप्पा पैज जिंकले होते आणि खांदा हरले होते. त्यांनी नुसतं गप्प उभं राहायचं होतं.

ते त्यांना जमलं नाही.

"आरं असं न्हवं रं!" ते ओरडले. "गाठ कुणी तोंडावर घेतंय व्हय? उलटा कर. गाठ खाली. आता मधी न्हवं, कडंनं घाल, कडंकडंनं!"

पातं कडेनं उतरलं. कडाड्! एक फाळका सुटला, मग दुसरा, मग गाठीसकट सगळं उकललं. फणसाचा पिवळा गाभा चमकला.

"फोडला, आप्पा," मी म्हणाले.

"मी सांगितलं म्हणून फोडला."

"त्येच की. सांगणारा लागतोयच."

आप्पांनी माझ्याकडं आणि यंत्राकडं आळीपाळीनं बघितलं. आपण काय करून बसलो ते त्यांना उमजलं होतं. मग त्यांनी खोड काढायला सुरुवात केली. यंत्राला वरच्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर दोन मुठी होत्या, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय पातं हलत नाही, म्हणजे बोटं आत जायची भीती नाही. आप्पांचा उजवा हात उजव्या मुठीपर्यंत पोचेना.

"बगा, मला न्हाय चालत ह्ये," ते जवळजवळ खुशीत म्हणाले.

"थांबा अज्जा," म्हणत मालकांनी दोन्ही मुठी कापून कमरेच्या उंचीवर वेल्डिंग करून दिल्या. रंग वाळायच्या आत आप्पा पुढं झाले. मालकांकडचा एक बाभळीचा ओंडका उभा केला, मुठी दाबल्या. कडाड्!

"दुखलं का?" मी विचारलं.

आप्पांनी खांदा हळूच फिरवून बघितला. प्रामाणिकपणे, दोनदा.

"न्हाय," ते तक्रार केल्यासारखे म्हणाले. मग मालकांकडं वळले. "आणि एक ओंडका हाय का वो तुमच्याकडं?"