ठमाबाईंच्या फ्रीजच्या पायावर पाणी

ठमाबाईंना धक्का बसायला फारसं कारण लागत नाही. एसटी वेळेवर आली तरी बसतो, नाही आली तरी बसतो. मग पदर तोंडाला लागतो, भुवया कपाळात चढतात आणि "अगं बाई, बाई, बाई!" सुरू होतं. त्यांच्या गावात, पणदऱ्यात, या 'बाई' किती त्यावरून बातमीचं वजन ठरायचं. एका 'बाई'च्या बातमीला तर कुणी थांबतही नसे.

गुडघे थकले तशी त्यांनी शेवटची म्हैस विकली आणि लासुर्ण्याला लेकीकडे, माधवीकडे राहायला जायचं ठरवलं. एकाच अटीवर. "माजा फ्रीज संगं येणार. जावयाच्या दारात आयतं बसून खायाची न्हाय मी. दही-ताक इकीन."

फ्रीज लाल, एका दाराचा, चौदा वर्षांचा. नवरा गेल्यावर त्यातल्या दह्या-ताकावरच घर चाललं, माधवीचं लग्नही झालं.

"मामी, नवा घिऊ की," जावई युवराज म्हणाला.

"नवा तुमचा. ह्यो माजा."

मेकॅनिकनं सांगितलेलं सगळं त्यांनी आदल्या दिवशी केलं. प्लग काढला, बर्फ वितळू दिला, आतून कोरडा पुसला, काचा गोधडीत गुंडाळल्या, दार जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलं. 'उभाच न्यायचा' हे युवराजला तीनदा बजावलं. पिकअपमध्ये फ्रीज उभा करून दोरानं आवळला, वाटेला लावला आणि घराची किल्ली द्यायला थांबलेल्या ठमाबाई मागून एसटीनं निघाल्या.

लासुर्ण्याला दारात येऊन बघतात, तर पिकअपमध्ये फ्रीज उसाच्या वाढ्यावर, चाऱ्याच्या हिरव्या शेंड्यांवर, उताणा निजलेला!

"अगं बाई, बाई, बाई, बाई!"

चार झाल्या. माधवी पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. चौथी 'बाई' तिनं वडील गेले तेव्हाच काय ती ऐकली होती.

"गतिरोधकावर डुलत हुता, मामी," युवराज चाचरला. "पडला असता. म्हणून बारामती सोडल्यावर निजवला. खाली मऊ वाढं घातलंय की."

"म्हशीला कुणी उताणं घालून आणतं व्हय? आडवा पडला की आतलं तेल नळ्यांत जातं म्हणाला हुता मेकॅनिक! आता उभा करा आन् उद्यापातूर हात लावू नगा."

"मेकॅनिकचं काय, भ्या घालायचं काम. आत्ता लावून दावतो!"

शेजारच्या छबूबाई आणि द्वारकाबाई थंड पाण्याच्या आशेनं येऊन उभ्याच होत्या. त्यांच्यासमोर जावयाला माघार घेता येईना. त्यानं फ्रीज आत नेऊन भिंतीशी उभा केला. ठमाबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या. सगळ्यांना वाटलं, म्हातारी रुसली.

म्हातारी ताट आणि तांब्या घेऊन आली.

चाळीस वर्षांत त्यांच्या दारात आलेली एकही म्हैस पायावर पाणी घेतल्याशिवाय गोठ्यात गेली नव्हती. फ्रीजच्या दाराला कुंकू लागलं. पुढच्या दोन पायांवर पाणी पडलं. म्हशीला पाय चार, फ्रीजलाही चार. ठमाबाई एक हात त्याच्या अंगावर टेकून वाकल्या आणि उरलेला तांब्या मागच्या पायांवर, तिथल्या वायरींसकट, रिकामा केला. पलीकडं युवराजनं प्लग खोचला होता आणि त्याचं बोट बटणावर होतं.

"अवं, थांबा!"

माधवी किंचाळली आणि तिनं त्याचा हात असा उडवला की भिंतीवर पिठाची पाच बोटं उमटली.

मागच्या बाजूनं पाणी टपटप गळत होतं. ठमाबाईंचा ओला हात अजून फ्रीजवरच होता. युवराजनं त्या हाताकडं पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडं, आणि तो हात पाठीमागं लपवला.

"मामी... मी दाबतच हुतो."

ठमाबाईंनी तोंड उघडलं. एकही 'बाई' बाहेर आली नाही. छबूबाई नंतर सगळ्यांना सांगायच्या, ठमाबाईंची बोलती बंद झालेली बघून मला जास्त भ्याव वाटलं.

माधवीनं मेन बंद करून प्लग काढला. "आता उद्यापातूर ह्याला कुणी हात लावायचा न्हाय," युवराज स्वतःच म्हणाला. अशा रीतीनं फ्रीजला हवी ती विश्रांती मिळाली. कुठल्याही मेकॅनिकनं सुचवू नये अशा मार्गानं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्यानं मागचं सगळं तपासलं, अर्थिंग बघितलं, कोरडं आहे म्हणाला आणि बटण दाबलं. काहीच नाही. ठमाबाईंनी डोळे मिटले. पणदऱ्याचं घर सुटलं, म्हैस गेली, आता हाही गेला, तर या घरात आपलं म्हणायला काय उरलं?

मग घुर्रर्र.

ठमाबाईंनी आधी पदराला हात पुसले, मग कान लावला. "रवंथ कराय लागला," त्या हळूच म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी तो रिकामाच गार होऊ दिला. तिसऱ्या दिवशी विरजण घुसळलं आणि ताकाचा पहिला पेला जावयापुढं धरला. युवराज शेतातून आला होता, हात नुकतेच धुतलेले. त्यानं पेल्याला हात घातला, तसा ठमाबाईंनी पेला मागं घेतला.

"हात कोरडं करा आधी."