कलशासकट साडेसोळा फूट

“ताई, कालपासून रथ दोन फूट वाढला की हो!” माझा ड्रायव्हर गणेश टेप गुंडाळत म्हणाला.

मी वर पाहिलं. लाकडी रथाच्या शेंड्यावर पितळी कलश झगमगत होता. काल मी माप घेतलं तेव्हा तो तिथं नव्हता.

बुऱ्हाणपुरात माझं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. केळी, कापसाच्या गाठी, लूमची मशिनं, सगळं पाठवून झालं. रथ मात्र पहिल्यांदाच. निंबोला गावाला आजवर स्वतःचा रथ नव्हता. दरवर्षी शेजारच्या गावाचा मागून आणायचा, तोही त्यांचा उत्सव आटोपल्यावर. यंदा तिथले केळीवाले प्रकाशभाऊ हट्टाला पेटले. आमच्या शहरातल्या सिंधीपुऱ्याच्या विठ्ठलमिस्त्रींकडून त्यांनी नवा रथ करवून घेतला, शहराबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर, कारण गल्लीतून तो बाहेरच निघाला नसता. उद्या सकाळी मिरवणूक. शेजारच्या त्या गावालाही भाऊंनी वाजतगाजत आमंत्रण दिलेलं. आता रथच पोचला नाही तर तोंड कुठं लपवायचं?

भाऊंना आधी केळीचा ट्रकच हवा होता. मग म्हणाले, फ्लॅटबेड द्या. फ्लॅटबेड म्हणजे सरळ सपाट ट्रेलर, पण त्याची फळी जमिनीपासून पाच फूट वर. मी लो-बेडवर अडून बसले. लो-बेडची पाठ मधे खाली उतरलेली असते, जेमतेम तीन फुटांवर. उंच माल असला की ते दोन फूटच सगळं ठरवतात. आमच्या वाटेत रेल्वेपुलाच्या अलीकडे पंधरा फुटांची लोखंडी कमान आहे. रथ साडेअकरा, ट्रेलर तीन, झाले साडेचौदा. अर्धा फूट शिल्लक. कालपासून मी स्वतःवरच खूश होते.

आता बेरीज साडेसोळा.

“भाऊ, हा कलश कधी बसवला?”

“आज सकाळी. मुहूर्त फर्स्टक्लास होता ना, ताई. पेढे वाटले. तुमचा डबा ठेवेल हाय.”

“माप घेतल्यावर बसवला?”

“हाव. मापाचं अन् मुहूर्ताचं काय?”

मी मिस्त्रींकडे वळले. त्यांनी कानाला हात लावले. “पूजा होऊन चढला, ताई. आता उतरवता नई येत.”

मी पूजा सांगणाऱ्या गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर. ते जेवत होते. “एकदा चढला म्हणजे चढला,” ते म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

दुसरा रस्ता होता, पण तिथं विजेच्या तारा कमानीपेक्षाही खाली लोंबतात. प्रकाशभाऊ ट्रेलरच्या काठावर मटकन बसले. “शेजारगावच्या सरपंचाले मी पहिल्या रांगेत बोलावलं, ताई. तो मले जलमभर सोडत नई आता.”

मला राग आला होता आणि हसूही आवरत नव्हतं. पदर तोंडाला लावून मी रथाला दोन फेऱ्या मारल्या. भाऊंना वाटलं मी प्रदक्षिणा घालतेय, तेही मागून चालू लागले. आमच्या धंद्यात वरून कमी होत नसेल तर खालून बघायचं असतं. खाली पाच-पाच फुटांची चार चाकं होती.

“गुरुजी, आहात ना फोनवर? चाकांची पूजा झाली का?”

“नाही. ती उद्या गावात, रथ ओढायच्या आधी.”

“मग आत्ता चाकं काढली तर?”

गुरुजींनी घास गिळल्याचं ऐकू आलं. “काढा की. चाकांचं मला कुणी विचारलंच नव्हतं.”

मिस्त्रींनी खांद्यावरचा गमछा हवेत उडवला. “अर्ध्या घंट्यात काढतो!”

हायड्रा, म्हणजे मान पुढे काढून फिरणारी पिवळी क्रेन, मागवली. पट्टे लावून रथ उचलला, चाकं सोडवली आणि रथाचे अडीच फुटांवरचे आस लो-बेडवर अर्ध्या फुटाच्या ठोकळ्यांवर टेकवले. चाकं शेजारी आडवी बांधली. गणेशनं पुन्हा टेप लावला.

“साडेचौदा! ताई, साडेचौदा!”

कमानीपाशी मी खाली उतरून चालत गेले. गणेशनं गाडी मुंगीच्या चालीनं घेतली. मिस्त्री डोळे मिटून उभे. कलश कमानीखालून वीतभर अंतरानं पलीकडे गेला आणि आम्ही सगळे एकदम ओरडलो. मागे खोळंबलेल्या गाड्यांनीही हॉर्न वाजवून घेतले. मी नाचले, हे कबूल करते. माझ्या वयाला शोभलं नाही, पण फार मजा आली.

निंबोल्यात आरतीचं ताट घेऊन उभ्या बायकांनी बिनचाकांचा रथ पाहिला. एक आजी म्हणाली, “प्रकाश, हा ओढायचा का उचलायचा?” मागोमाग आलेल्या हायड्रानं रथ उचलला आणि दिवस मावळायच्या आत मिस्त्रींनी चाकं बसवून दिली.

सकाळी शेजारचे सरपंच आले. रथाभोवती फिरले, खोट सापडते का ते पाहिलं आणि शेवटी स्वतःच दोरीला लागले. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला भरून आलं.

माझ्या बुकिंग फॉर्मवर लांबी, रुंदी, उंची, वजन असे चार रकाने छापलेले आहेत. त्यांच्याखाली आता मी पाचवी ओळ हातानं लिहिते: माप पूजेआधीचं की नंतरचं?