दोघांसाठी आवळलेली स्प्रिंग

चिखलात हौसेनं पडणारी माणसं असतात, हे मला माझ्या पोरानं दाखवलं. त्यानं एक उंच मोटारसायकल घेतली होती. रस्ता नसेल तिथं चालवायची गाडी. टायरला बोटाएवढ्या गाठी, मागचा मडगार्ड आभाळाकडं आणि सीट माझ्या कमरेच्या वर. रविवार आला की असली पोरं अंगाला प्लास्टिकच्या ढाली बांधून, गुडघ्यापर्यंत बूट चढवून गगनबावड्याकडं जायची, तिथल्या ओढ्यात आडवी व्हायची आणि चिखलाचे फोटो काढून संध्याकाळी घरी यायची. आमच्या कोडोलीत उसातली वाट पावसाळाभर तसलीच असते. तिथनं बायका डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालतात. त्यांचा फोटो काढायला कोण येत नाही.

पुढं पोराला परदेशात नोकरी लागली. गाडी सोप्यात झाकून ठेवली आणि जाताना मलाच दम दिला, "आबा, हिला हात लावू नगासा. तुमच्या कामाची न्हाय ती."

माझ्या कामाची नाही म्हणे. आमचा गोठा मळ्यात आणि मळा कॅनॉलच्या पलीकडं. सकाळ-संध्याकाळ धारेला जायचं. माझी जुनी स्कुटर त्या वाटेला रुतून बसायची. मी पुढनं ओढायचो आणि बायको मागनं ढकलायची. असंच एकदा दोघं चिखलानं माखून घरी आलो आणि मी सोप्यात जाऊन त्या गाडीवरचं कापड ओढून काढलं.

बायको कट्ट्यावर उभी राहून तिच्यावर चढली. "अवो, ही गाडी हाय का माळ्यावर जायची शिडी?" एका हातात किटली, दुसरा हात माझ्या खांद्यावर. गावात चावडीजवळ बसणारी रिकामी माणसं ओरडली, "म्हातारा-म्हातारी रेसला निघाली रं!" ती मागं वळून म्हणाली, "व्हय, पयला नंबर आला की पेढं देतो. तवर वाटंतनं बाजूला व्हा."

गाडी चिखलातनं झकास जायची, पण दोघं बसलो की मागचं बूड दबायचं आणि खड्डा आला की ठक्क करून आपटायची. गावातल्या मिस्त्रीनं मागच्या शॉकअपवर स्प्रिंग दाबून धरणारी कडी असते, ती छिन्नी-हातोड्यानं ठोकत ठोकत पार शेवटाला नेली. स्प्रिंग आवळली, गाडी ताठ झाली. मी बायकोला विचारलं, आता कशी लागते? ती म्हणाली, "आता गाडीगत लागती. मघाशी म्हशीगत बसत हुती." विषय संपला.

गेल्या दिवाळीच्या आधी ती गेली. आजार लांबला होता, त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको आणि ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. बाराव्याला पाहुणे आले. मला म्हणाले, मन रमवा. मन म्हणजे काय रांगतं पोरगं हाय, खुळखुळा वाजवला की रमंल? पोटभर जेवले, सुपारी तोंडात टाकली आणि पुढच्या एस्टीनं आपापल्या गावाला गेले. त्यातल्या एकालाही म्हशीची धार कोण काढणार, हे विचारायचं सुचलं नाही.

म्हशीला सुतक नसतं. तिच्या आजारपणात धारेला शेजारचा गडी जायचा, आता मी एकट्यानं गाडी काढली. तर काय, दोघांच्या वजनाला आवळलेली ती स्प्रिंग एकट्याला जुमानेना. दगड आला की दबायची नाही, उलट गाढवागत मागनं लाथ घालायची. मी सीटवरनं वीतभर वर आणि किटलीतलं दूध टोपणाच्या बाहेर. मिस्त्री म्हणाला, सैल करूया. मी नको म्हणालो. त्यानं हातोडा परत पेटीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सरकी पेंडेचं एक भरलेलं पोतं मागच्या सीटवर दोरीनं बांधलं. वजन साधारण तेवढंच. गाडी पहिल्यासारखी चालायला लागली. सकाळी पोतं घेऊन मळ्यात जायचो, धार झाली की पोतं घेऊन घरी यायचो. ते पोतं मी कधी फोडलं नाही. म्हशीला घालायची पेंड वेगळी होती. चावडीवरच्यांना नवा खाऊ मिळाला. "म्हातारं पेंडंला वारं खायला न्हेतंय." हसतात तर हसू देत. दुसरं काय येतंय त्यांना.

पावसाळ्यात पोतं भिजलं, फुगलं आणि दोरी सरकली. कॅनॉलच्या वळणावर पोतं एका अंगाला गेलं, गाडी दुसऱ्या अंगाला आणि मी भरावावरनं खाली उसात. खांदा निखळायचा तेवढा राहिला. मी उठून अंगावरची माती झाडतोय तोवर भावकीतल्या कुणीतरी परदेशात फोन लावलाही होता. आमच्या भावकीला बांध सरकवायला आणि असली बातमी द्यायला कधी उशीर होत नाही.

रात्री पोराचा फोन. "आबा, गाडी इकतो मी. गिऱ्हाईक हाय."

"मग मळ्यात काय उडत जाऊ?"

"म्हस पन इका. काय करायची हाय ती?"

"तुझ्या आईनं रेडकू असल्यापासनं वाढवलीया ती. मी न्हाय इकत."

तो म्हशीवरनं परत गाडीवर आला. मग म्हणाला, शिवाजी पेठेत त्याचा एक दोस्त आहे, असल्याच गाड्यांचे शॉकअप लावून देतो. त्याच्याकडनं मागचं सस्पेन्शन नीट लावून घ्यायचं. दोस्तानं फोन करून गाडी ठीक आहे म्हणून सांगितलं तर गाडी राहील, नाहीतर जाईल. गाडी त्याच्या नावावर. मी बाप असलो म्हणून काय झालं, कागद त्याच्या बाजूनं. आणि सस्पेन्शन म्हणे. एक स्प्रिंग आणि एक दांडा, त्याला नाव बघा केवढं.

गेलो. तालमीच्या मागच्या बोळात त्या दोस्ताचं गॅरेज. दंडावर गोंदलेलं, दाढीला तेल लावलेलं पोरगं. त्यानं स्प्रिंगच्या कडीवरनं बोट फिरवलं आणि आपल्या घरचं कुणी गेल्यासारखं तोंड केलं.

"काका, ही कडी कुनी ठोकली?"

"मिस्त्रीनं."

"कशानं?"

"हातोड्यानं. फुकून फिरत न्हाय ती."

मग त्यानं शेजारच्या चहावाल्याला हाक मारली. एकानं गाडी सरळ धरायची, एकानं वर बसायचं आणि एकानं मापायचं. एका स्प्रिंगला तीन माणसं. आणखी एक असता तर तिरडी उचलली असती. त्यानं आधी मागचं चाक अधांतरी ठेवून चाकाच्या मधल्या बोल्टापासनं वर मडगार्डवर केलेल्या खुणेपर्यंत टेप लावला. मग गाडी जमिनीवर ठेवून परत तेच. मला वाटलं बंडी शिवतोय गाडीला.

"आता तुमी बसा. रोज जसं बसता तसं. किटली, सामान, सगळं घेऊन. बसल्यावर मागचं किती खाली जातंय, तेच बघायचं असतंय."

रोज जसं, असं तो म्हणाला म्हणून मी आणलेलं पोतं मागच्या सीटवर चढवलं आणि दोरी आवळली.

"हे काय?"

"पेंड."

"रोज असती?"

"रोज."

"म्हशी किती?"

"एक."

चहावाला हँडल धरून हसायला लागला. "एक म्हस रोज पोतं खाती? म्हस हाय का हत्ती, काका?"

"खात न्हाय. परत आणतो."

"मग न्हेता कशाला? देवदर्शनाला?"

त्याच्या तोंडावर काहीतरी मारावं असं वाटलं, पण गाडी त्याच्या हातात होती. मी म्हणालो, "तिथं माझी बायकू बसायची. तिच्या वजनाला आवळलीया स्प्रिंग. रिकामी ठेवली की उडती."

चहावाल्यानं हसू गिळलं. दोघंही खाली बघायला लागले. असली खाली बघणारी माणसं मला चालत नाहीत, वर्षभर पुष्कळ बघितली. "मापा की," मी म्हणालो. "टेप काय ओवाळायला धरलाय?"

मी गाडीवर चढून बसलो, त्यानं मापलं. परत मापलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "काका, पोत्यासकटबी गाडी दबंना झालीया. दोघांनाबी ही जास्तच कडक हाय. पहिल्यापासनंच जास्त आवळलीया."

म्हणजे ती बसत होती तेव्हाही तिला दणके बसतच होते. आणि ती म्हणाली, गाडीगत लागती. कमरेला दणके खात रोज किटली धरून बसली आणि एका शब्दानं बोलली नाही. का तिला खरंच तसं आवडत होतं? आता कुणाला विचारू, त्या चहावाल्याला? आणि मी ज्या मापाला हात लावू देत नव्हतो, ते माप मुळात तिचं नव्हतंच. त्या छिन्नीवाल्याचं होतं. एवढे महिने पोतं नाचवलं ते त्याच्यासाठी.

"मग कसं लावू?" गॅरेजवाला म्हणाला. "दोघांची का एकट्याची?"

त्यानं आपलं कामाचं म्हणून विचारलं. कुणी आधी हे विचारलं असतं तर मी त्याला घरातनं बाहेर काढला असता. मन रमवा म्हणणाऱ्या एवढ्या पाहुण्यांत हे विचारायची एकाची छाती झाली नाही आणि हा तेलकट दाढीवाला, हातात पाना घेऊन, रंग कुठला लावू विचारावं तसं विचारतोय. मी बसलो तसाच. पलीकडं चहावाल्याचं दूध उतू जायला लागलं, करपल्याचा वास आला, तरी तो हँडल सोडेना.

"एकट्याची लाव," मी म्हणालो. आणि चहावाल्याला म्हणालो, "आता तुझं दूध बघ जा."

मी उतरलो, पोतं खाली उतरवलं. आकड्यासारखा पाना लावून त्यानं कडी सैल केली. तिच्या ठोकलेल्या खाचांतनं किर्र किर्र आवाज येत होता. मग म्हणाला, बसा. मी बसलो आणि मागचं बूड माझ्याखाली अलगद खाली गेलं. मिस्त्रीनं स्प्रिंग आवळायच्या आधी बायको मागं बसायची तेव्हा गाडी अशीच खाली जायची. "बसले" म्हणून ती कधी सांगायची नाही, गाडी दबली की मी समजायचो आणि क्लच सोडायचो. माझा डावा हात आपोआप क्लचवर गेला. गाडी बंद होती, बरं झालं. नाहीतर समोरच्या भिंतीत घातली असती.

"जरा जास्त बसतंय," तो खालनं म्हणाला. "थोडं आवळतो." त्याला काय, त्याचं लक्ष टेपात.

मग त्यानं सीट दाबून सोडून दाखवली. दबलेली स्प्रिंग किती जोरात वर येते, ते शॉकअपच्या खालच्या एका स्क्रूनं ठरतं. वर येऊन नाचायला लागली तर स्क्रू आवळायचा, वर यायला आळस करायला लागली तर सैल करायचा. "वाटंवर चालवून तुमीच ठरवा. पन एका टायमाला जराजराच फिरवा आन् एकच गोष्ट बदला. न्हायतर कशानं काय झालं ते कळायचं न्हाय." गॅरेजातल्या माणसाला हे कळतं. दवाखान्यात तिला एकदम सगळी औषधं चालू केली आणि एकदम सगळी बदलली. कशानं काय झालं, ते आजतागायत कुणी सांगितलं नाही.

कॅनॉलच्या वाटेवर पाण्याच्या पाइपलाइनी आडव्या पुरल्यात, त्यांचे उंचवटे आहेत, एकामागं एक. तिथनं गेलो. पहिल्या उंचवट्यावर मागचं चाक वर येऊन नाचलं. उतरलो, स्क्रू आवळला. परत गेलो. आता नाच बंद, पण शेवटच्या उंचवट्यापर्यंत गाडी वर यायचंच विसरली, दबली ती दबलीच, आणि आपटली. जरासा सैल केला. परत गेलो. बांधावर एक गडी वैरण कापायची सोडून बघत होता. "काय हरवलंय काय, आबा?" मी म्हणालो, "तुझं काम. बघ तिथं पडलंय."

चौथ्या-पाचव्या खेपेला जमलं. उंचवटा आला, मागचं चाक वर गेलं, खाली आलं आणि गप्प झालं. मी सीटवरनं उठलोसुद्धा नाही. किटली भरून आणली, थेंब सांडला नाही. आणि मला त्याचाच राग आला. एवढं सोपं होतं, एवढं बरं लागत होतं, हेच मला पचत नव्हतं.

रात्री पोराचा फोन. दोस्तानं कळवलं होतं. "आबा, आता बरं वाटतंय?"

"गाडीला बरं वाटतंय."

"मग ऱ्हाऊ दे. नको इकायला."

"मी कवा म्हनलो होतो इक म्हणून?"

तो हसला. तिकडं दुपार असेल, मागं माणसं बोलत होती. म्हणाला, जपून चालवा. ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मळ्याकडं निघालो तर कॅनॉलच्या पुलावर एका अनोळखी माणसानं हात केला. पांढरी पँट, हातात बूट घेतलेले, चिखलाकडं बघून रडकुंडीला आलेला.

"पावणं, तेवढं पलीकडं सोडता का?"

मी गाडी थांबवली. मागची सीट मोकळीच होती, त्यालाही दिसत होती. पाय टाकायला त्यानं पँट वर धरलीसुद्धा.

"न्हाय पावणं," मी म्हणालो. "स्प्रिंग एकट्याची लावलीया. चालत या."