दोघींचं माहेर

माझा धाकटा भाऊ जन्मतः बहिरा. "सुनेच्या माहेरची खोट," असं आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आमच्यात भाची सून करून आणतात. आई आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी, म्हणजे दोघींचं माहेर एकच. पण हे आजीच्या तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

शेवटी मल्लेश्वरमच्या डॉक्टरीणबाईंनी आजीला आणि आईला समजावलं, की हा दोष एकाकडूनच आला तर झाकलेला राहतो. आईवडील दोघांकडून आला तरच मूल बहिरं होतं, आणि नात्यातल्या लग्नात ती भीती जास्त. ऑटोत बसल्यावर आजी म्हणाली, "सरी, बरं. म्हणजे निम्मी खोट तरी हिचीच."

परवा आत्यानं मला तिच्या मुलासाठी मागितलं. आजी खूश आहे. म्हणते, घरचंच रक्त, चौकशी करायला नको.